विषय: सांगायचं राहिलं

गेल्या आठवड्यात जुनी मेल नव्या लॅपटॉपवर हलवत होतो. कंटाळवाणं काम. एक फोल्डर उचलायचा, दुसरीकडे टाकायचा आणि निळी पट्टी सरकताना बघत बसायचं. तेवढ्या वेळात हाताला चाळा म्हणून २००५ सालचा फोल्डर उघडला आणि उगाच वरखाली करत राहिलो. पाचव्या हातातून आलेले विनोद, कुठल्याशा साइटचं 'आपलं खातं सुरू झालं आहे', मित्रांनी पाठवलेले फोटो, जे आताच्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढे दिसतात. त्यात मध्येच एक ओळ ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेली. पाठवणारी ताई. विषयाच्या जागी रोमन लिपीतलं मराठी, तेव्हा आपण सगळेच लिहायचो तसं, कशाचा कशाला पायपोस नसलेल्या स्पेलिंगमध्ये: सांगायचं राहिलं.

टिचकी मारली. आत पत्र नव्हतं. करड्या रंगाची एक चौकट होती आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचं सेशन संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा. खाली नावाचा खोका, त्यात माझं त्या काळातलं लॉगिन नाव आधीच भरलेलं. त्याखाली पासवर्डचा खोका, रिकामा. उजव्या कडेला जाहिरातीचं चित्र जिथं यायचं तिथं फुटक्या चित्राची खूण. वर मात्र सगळं जिथल्या तिथं: ताईचं नाव, तिचा पत्ता, तारीख, रात्री सव्वाअकराची वेळ, विषय. पाकीट तिचं आणि आतला कागद दारावरच्या पहारेकऱ्याचा.

वीस वर्षं हे पाकीट मी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जपून नेत होतो.

तेव्हाच का नाही उघडलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर फारसं शोभादायक नाही. त्या फोल्डरात तारखांकडे बघितलं तर कळतं की मी चारपाच दिवस मेल बघितली नव्हती आणि त्या दिवशी तेवीस पत्रं एकदम उतरली होती. ज्यांची उत्तरं ताबडतोब द्यायची ती आधी उघडली असणार. ताईचं म्हणजे घरचं, सवडीनं वाचू. मग दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तिचा फोन आला असणार, आणि फोनवर बोलणं झालं की पत्र शिळं होतं असा माझा तेव्हा समज होता. पत्रात लिहायच्या गोष्टी वेगळ्या आणि फोनवर बोलायच्या वेगळ्या असतात हे कळायला मला बराच वेळ लागला.

पण चूक माझी एकट्याची नाही. मध्ये एक तिसरा होता.

त्या दिवसांत फुकटची वेबमेल वापरणाऱ्यांचं एक दुखणं होतं. पत्र वाचायचं तर ब्राउझरमध्ये, त्यांच्या पानावर, त्यांच्या जाहिरातींच्या शेजारी बसून वाचायचं. आउटलुक एक्स्प्रेस किंवा थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम उघडून त्यात पत्ता भरला आणि पत्रं आपल्या डिस्कवर उतरवून घेतली, असं करता यायचं नाही, कारण त्यासाठी सर्व्हरनं पॉप, म्हणजे पत्रं उतरवून द्यायची ठरलेली भाषा, बोलायला हवं आणि पॉप बोलायचे पैसे पडत. याहूनं २००२च्या एप्रिलमध्ये फुकट खात्यांची पॉपची सोय काढून घेतली. हॉटमेलनं आउटलुक एक्स्प्रेससाठी वेगळी वाट ठेवली होती, तीही २००४पासून पैसे भरणाऱ्यांकडे सरकू लागली. त्यांच्या बाजूनं बघितलं तर यात वावगं काही नाही. फुकट पेटीचं भाडं जाहिरातीतून निघतं आणि जाहिरात असते पानावर. पत्र परस्पर खिडकीतून बाहेर गेलं तर भाडं कोण देणार? जीमेलनं २००४च्या अखेरीला पॉप फुकट दिलं तेव्हा ती बातमी वाटली होती, यावरून काय ते समजा. माझं खातं अशाच एका सेवेवर होतं. नाव घेत नाही. त्या सेवेचा यात तसा दोषही नाही.

यावर तोडगा निघाला तो गेटवेचा. याहूसाठी वायपॉप्स होतं, बऱ्याच सेवा एकत्र हाताळणारं फ्रीपॉप्स होतं, आणखीही लहानमोठी होती. सगळ्यांची युक्ती एकच. हा प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर चालतो आणि मेल प्रोग्रॅमला सांगतो की मी पॉप सर्व्हर आहे. तुम्ही सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जागी १२७.०.०.१ लिहायचं, म्हणजे 'मीच'. मेल प्रोग्रॅम बिचारा त्याच्याशी पॉपच्या भाषेत बोलतो: यूझर, पास, स्टॅट, लिस्ट, आणि पत्र हवं असेल तर रीटर. चार अक्षरी हुकूम, उत्तरात 'प्लस ओके' नाहीतर 'मायनस ईआरआर'. मध्ये पाल्हाळ नाही. आणि गेटवे तिकडे तोंड फिरवून ब्राउझरचा मुखवटा चढवतो, वेबमेलच्या पानावर जाऊन तुमच्या नावानं लॉगिन करतो, कुकी सांभाळतो, इनबॉक्सचं पान वाचतो, त्यातून पत्रांची यादी वेचतो, एकेक पत्राचं पान मागवतो, त्याच्या कडेचं सगळं छाटतो आणि उरलेलं पुन्हा पत्रासारखं शिवून मेल प्रोग्रॅमच्या हाती ठेवतो. दोघांमध्ये बसलेला दुभाष्या. एका बाजूला वाटतं की समोर सर्व्हर आहे, दुसऱ्या बाजूला वाटतं की समोर माणूस आहे.

मला त्याचं फार कौतुक होतं, हे लपवत नाही. घड्याळाशेजारी त्याचं एवढंसं चिन्ह बसलेलं असायचं आणि काम चालू झालं की ते लुकलुकायचं. मोडेम आधी शीळ घालायचा, मग खरखरायचा, मग गप्प व्हायचा. त्या शांततेत चिन्ह हलायला लागलं की समजायचं, गडी आत शिरला. मग मेल प्रोग्रॅमच्या तळाशी आकडे येत, तेवीसपैकी तिसरं, तेवीसपैकी चौथं. सगळी उतरली की मी फोनची लाइन सोडून द्यायचो आणि निवांत वाचायला बसायचो. पांढरं पान, मला हवा तो फॉन्ट, कडेला काही उड्या मारत नाही. ब्राउझरमध्ये पत्र वाचताना मला नेहमी दुकानात उभं राहून कुणाचं तरी खासगी पत्र वाचतोय असं वाटायचं. घरी आणून वाचलं की ते आपलं.

अर्थात या कौतुकाला टोचणीही होती. फुकटच्या घरात राहायचं आणि घरमालकाची पाटी दारावरून उतरवून ठेवायची, यातलाच हा प्रकार. शिवाय माझा पासवर्ड मी एका अनोळखी माणसानं लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या हवाली केला होता. सोर्स कोड खुला आहे, कुणीही वाचून बघावा, असं आम्ही एकमेकांना छातीठोकपणे सांगायचो. मी तो कधी वाचला नाही. सांगणाऱ्यांपैकी कुणी वाचला असेल असंही मला वाटत नाही.

आणि त्याचा जीव नाजूक होता. वेबमेलच्या पानावर कुणी एखादं बटण डावीकडून उजवीकडे सरकवलं, की दुसऱ्या दिवशी जगभरातल्या कितीतरी मशीनवर गेटवे आंधळा व्हायचा. त्याला माणसासारखं पान दिसत नाही. अमक्या खुणेनंतर तमकी खूण आली की मधलं ते पाठवणाऱ्याचं नाव, असं त्यानं पाठ केलेलं असतं. फ्रीपॉप्सवाल्यांनी यावर शहाणपण केलं होतं. मूळ प्रोग्रॅम सी मध्ये, आणि प्रत्येक वेबमेलची पाठ केलेली खूणगाठ लुआ भाषेतल्या वेगळ्या लहानशा फाइलीत. पान बदललं की तेवढीच फाइल बदलायची. त्यात लॉगिन नाव म्हणून पूर्ण पत्ता द्यावा लागे, म्हणजे ॲटच्या पुढचं बघून तो ठरवणार की कुठली फाइल काढायची. या फाइली दुरुस्त करणारी माणसं नोकरीधंदा सांभाळून, पदरमोड करून हे करत असत. नवी फाइल येईपर्यंत आपण वाट बघायची, आणि तीन दिवसांत आली नाही तर चिडायचं. आता त्या चिडण्याची लाज वाटते. तेव्हा तो हक्क वाटायचा.

माझा गेटवे असाच सारखा अडत असे, म्हणून मी त्याचा लॉग, म्हणजे त्यानं काय काय केलं त्याची नोंदवही, चालू ठेवला होता. ही एक सवय मात्र कामी आली. जुन्या डिस्कवर तो लॉग सापडला. साधी मजकुराची फाइल, ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीपुढे सेकंदापर्यंत वेळ. ताईच्या पत्राचा दिवस शोधून काढला आणि चहूबाजूंनी शांत झाल्यावर, रात्री, एकेक ओळ वाचत गेलो. त्या दिवशी ताईचं पत्र सतराव्या क्रमांकावर होतं. सोळावं कुणाचे तरी फोटो. मोडेमवरून ते उतरायला एवढा वेळ लागला की तिकडे वेबमेलनं समजून घेतलं, माणूस उठून गेला. सेशन बंद. मग गेटवेनं सतराव्या पत्राचं पान मागितलं आणि त्याला लॉगिनचं पान मिळालं. पण मिळालं कसं, तर २०० या आकड्यासकट. वेबच्या व्यवहारात २०० म्हणजे सगळं ठीक आहे, हे घ्या तुमचं पान. दारातून परत पाठवतानाही हसून नमस्कार करण्याचा हा प्रकार. गेटवेला चेहरा वाचता येत नव्हता, आकडा वाचता येत होता. त्यानं ते पान घेतलं, यादीच्या पानावरून आधीच तयार करून ठेवलेलं पाकीट त्याला लावलं आणि मेल प्रोग्रॅमला म्हणाला, प्लस ओके. अठराव्या पत्राला यादीच सापडेना तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं मुकाट्यानं पुन्हा लॉगिन केलं आणि अठराव्यापासून पुढे चालू पडला. सतरावं पोचलं म्हणून धरलं.

यापुढच्या ओळी मला वाचवत नव्हत्या, कारण त्या काय असणार ते मला ठाऊक होतं. पेटी काही मेगाबाइटांची, सारखी भरायची, म्हणून सर्व्हरवर प्रत ठेवा या पर्यायापुढची खूण मीच काढून टाकली होती. उतरवलेलं पत्र तिकडून पुसायचं आणि टोपलीही रिकामी करायची, असा माझाच हुकूम. तर सतराव्यासाठी 'डीईएलई' गेला, प्लस ओके आलं.

पॉपमध्ये मात्र एक गंमत आहे, आणि ती कळल्यापासून मला जास्त त्रास होतोय. १९९६च्या मे महिन्यात पक्क्या झालेल्या पॉप-३च्या नियमांत पुसायचा हुकूम दिल्यावर पत्र लगेच पुसलं जात नाही. त्याच्यावर फक्त खूण होते. खरं पुसणं होतं ते अगदी शेवटी, मेल प्रोग्रॅम 'क्विट' म्हणाला की. त्याआधी बोलणं तुटलं तर कुठलंच पत्र पुसायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला तुटणाऱ्या तारांची चांगली माहिती होती. लॉगमध्ये सतराव्याचा डीईएलई आणि शेवटचं क्विट यांच्यात सहा मिनिटं आहेत. या सहा मिनिटांत वीज गेली असती, कुणी फोन उचलून लाइन तोडली असती, मी वैतागून प्रोग्रॅम बंद केला असता, तर पत्र राहिलं असतं. बाकी सगळ्या दिवशी यातलं काही ना काही व्हायचंच. त्या दिवशी लाइन चांगली होती.

आणखी एक आकडा होता त्या लॉगमध्ये. लिस्ट हा हुकूम दिला की सर्व्हरनं प्रत्येक पत्राचा आकार बाइटात सांगायचा असतो. आता वेबमेलच्या पानावर बाइट कुठून येणार? तिथं लिहिलेलं असतं ढोबळ, ४ के, ११ के. मग गेटवे काय करायचा, त्या ढोबळ आकड्याला १०२४नं गुणून तोंडावर मारायचा. त्यामुळे पत्र उतरताना कधी पट्टी निम्म्यावरच संपायची, कधी संपूनही पत्र येतच राहायचं. सतराव्या पत्रापुढे लॉगमध्ये आकार लिहिला आहे ६१४४. म्हणजे सहा के.

मी कागद घेऊन हिशेब केला. पाकिटावरच्या शिक्क्यांचे, म्हणजे कुठून निघालं, कुठल्या सर्व्हरवरून आलं या ओळींचे दीडदोन के काढा. वेबमेलवाले प्रत्येक पत्राच्या शेपटीला स्वतःची जाहिरात चिकटवत, ती काढा. ॲटॅचमेंट एवढ्यात बसत नाही, तेव्हा ती नव्हती. एकच मजकूर साधा आणि सजवलेला असा दोनदा गेला असेल तर निम्मं करा. पण तिची त्या वर्षीची बाकीची पत्रं साधीच आहेत. उरतात साधारण चार हजार अक्षरं. रोमनमधल्या मराठीची चार हजार अक्षरं म्हणजे सहासातशे शब्द. माझी ताई पाच ओळींच्या वर लिहीत नाही. पोचलो, बरे आहोत, तू जेवतोस का, बाकी फोनवर. आणि त्या रात्री तिनं सहासातशे शब्द लिहिले होते.

फोन लावला.

"ताई, तू मला २००५ मध्ये एक मोठं पत्र लिहिलं होतंस. विषय होता, सांगायचं राहिलं." पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कमी झाला. "कधी?" मी तारीख सांगितली, वेळ सांगितली. "अरे, मला काल काय झालं ते आठवत नाही, तू वीस वर्षांपूर्वीचं कुठं काढलंस?" मी म्हटलं, तुझ्याकडे पाठवलेल्या पत्रांमध्ये प्रत असेल. ती हसली. तेव्हा पाठवलेल्या पत्राची प्रत ठेवायची तर एका चौकटीत खूण करावी लागायची हे तिला माहीतही नव्हतं, आणि तिचं ते खातं वापर नाही म्हणून केव्हाच बंद झालेलं. "मी कुठं तुझ्यासारखी उतरवून बितरवून घेते? तिथंच वाचायचं, तिथंच ठेवायचं. गेलं तर गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "पण तू मला उत्तर पाठवलं नव्हतंस का?" मी म्हटलं, नाही बहुतेक. "मग असू दे," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला.

त्या 'असू दे'वर मी दोन दिवस घालवले. तिला खरंच आठवत नव्हतं की आठवत होतं, हे मी त्या दोन शब्दांच्या सुरावरून ठरवायचा प्रयत्न करत होतो आणि दोन्ही बाजूंनी खटला सारखाच भक्कम होत होता.

मग वेड्यासारखं एक केलं. थंडरबर्ड आपली पत्रं एमबॉक्स नावाच्या प्रकारात ठेवतो, म्हणजे सगळा फोल्डर मिळून एकच लांबलचक मजकुराची फाइल, पत्राखाली पत्र. तुम्ही एखादं पत्र पुसलं तरी ते फाइलीतून जात नाही. त्याच्यावर फक्त पुसल्याची खूण होते. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच ते खरं निघून जातं. मला वाटलं, न जाणो, गेटवेनं पुन्हा लॉगिन केल्यावर सतरावं दुसऱ्यांदा आणलं असेल आणि मी दोनदा आलंय म्हणून एक उडवलं असेल. ती पूर्ण फाइल मजकूर संपादकात उघडली. फाइलीत शोधायचं तर काय शोधायचं? ताईचं पत्र नेहमी 'अरे' नं सुरू होतं. रोमनमध्ये 'अरे' लिहिलं की इंग्रजीतलं 'आर' होतं. शोधाला साडेचारशेच्या वर जागा सापडल्या. प्रत्येक विनोदात आर, प्रत्येक सूचनेत आर, यू आर, वी आर, दे आर. दीड तास बसून एकेक बघत गेलो आणि त्यात ताईचे अरे निघाले एकोणीस. 'अरे तू जेवतोस का'. 'अरे फोन का नाही उचललास'. सगळी वाचलेली पत्रं. विसावं नव्हतं.

पुढच्या वर्षांच्या फाइलीही चाळल्या, पण तिथं शोधही लागेना. मध्यंतरी ताई देवनागरीत लिहायला लागली होती, आणि देवनागरी आतून बघणं म्हणजे शिलालेख वाचणं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत एका 'म'ला तीन बाइट लागतात, आणि मेलच्या जुन्या नळातून सुखरूप जावेत म्हणून प्रत्येक बाइटाच्या जागी बरोबरचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा. एका अक्षरापायी नऊ. ओळीला मर्यादा ७६ची, म्हणजे सलग आठ अक्षरं लिहिली की ओळ भरली. 'अरे' मधला 'अ', 'र' आणि वरची मात्रा मिळून सत्तावीस खुणा. तिचं तेच पाच ओळींचं पत्र आतून पानभर पसरलेलं. ती पुन्हा कधी चार हजार अक्षरं लिहिते का, ते आकार बघून शोधायला गेलो तर या हिशेबानं सगळीच पत्रं लांबलचक दिसायला लागली.

गंमत म्हणजे हे सगळं मी पुन्हा एका गेटवेच्या जिवावरच करत होतो. तो माझ्या आयुष्यातून कधी गेलाच नाही. ऑफिसची पेटी एक्स्चेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर असते आणि मला थंडरबर्ड सोडवत नाही, म्हणून मध्ये डॅव्हमेल नावाचा गेटवे बसवला आहे. जावामध्ये लिहिलेला, खूप वर्षं सांभाळलेला, भरवशाचा. तो पत्रंच नव्हे तर कॅलेंडर आणि पत्त्यांची वहीसुद्धा भाषांतर करून देतो. त्याची पोर्टं, म्हणजे मशीनची आकडे घातलेली दारं, लक्षात ठेवायला सोपी, नेहमीच्या आकड्यात हजार मिळवायचे: आयमॅपचं, म्हणजे पत्रं सर्व्हरवर ठेवूनच वाचायच्या भाषेचं, १४३ तर याचं ११४३, पॉपचं ११० तर १११०, पाठवायचं २५ तर १०२५. ही कुणाची लहर नव्हे. युनिक्सच्या घराण्यात १०२४च्या खालची पोर्टं मालकाशिवाय कुणाला उघडू देत नाहीत. पाहुण्यानं वरच्या मजल्यावर राहायचं. २०२२च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनं साध्या नाव-पासवर्डावर पेटी उघडून देणं बंद करत नेलं, तेव्हा मला वाटलं आता यांचा बाजार उठला. पण डॅव्हमेल आता लॉगिनची खिडकी माझ्यासमोर उघडतो, मी फोनवर आलेला आकडा घालतो, आणि तो आपल्या कामाला लागतो. मुखवटा चढवायचा जमाना गेला. आता तो सांगून सवरून आत जातो.

खासगी पत्रांसाठी दुसरं खातं आहे, प्रोटॉनचं, आणि तिथंही त्यांचाच ब्रिज नावाचा गेटवे लागतो. २०१७च्या डिसेंबरात आला तो. पण त्याचं कारण बरोबर उलटं. जुन्या काळी वेबमेलवाले पत्र द्यायला नकार देत, कारण त्यांना ते पानावर दाखवायचं असे. इथं पत्र कुलूपबंद आणि किल्ली माझ्याकडे. सर्व्हरला ते उघडताच येत नाही, म्हणून तो थंडरबर्डला सरळ देऊही शकत नाही. मग ब्रिज माझ्या मशीनवर बसून कुलूप काढतो आणि आयमॅपच्या भाषेत पुढे सरकवतो. थंडरबर्डमध्ये भरायला तो स्वतःचा वेगळाच पासवर्ड करून देतो. खरा पासवर्ड मेल प्रोग्रॅमला कळूच द्यायचा नाही. एवढी खबरदारी माझ्या जुन्या गेटवेनं घेतली असती तर मला हसू आलं असतं.

नव्या लॅपटॉपवर हे दोन्ही बसवले आणि थंडरबर्ड पहिल्यांदा जोडायला गेला तेव्हा त्यानं एक खिडकी पुढे केली. १२७.०.०.१ या सर्व्हरची ओळख पटत नाही. त्याचं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. कुणीतरी दुसरा त्याचं सोंग घेऊन उभा असू शकतो. तरीही अपवाद करायचा का? एरवी मी ही खिडकी न वाचता बंद करतो. या वेळी पूर्ण वाचली, दोनदा. माझंच मशीन मला विचारत होतं की मध्ये उभा असलेला हा कोण आहे ते तुला नक्की माहीत आहे ना. हा प्रश्न २००५ मध्ये कुणी विचारला नव्हता. विचारला असता तरी मी हो म्हणूनच दाबलं असतं.

आताही तेच दाबलं. पत्रं उतरायला लागली.

जुने फोल्डर रात्री उशिरा हलवून झाले. त्यात २००५चा आला, ताईचं पाकीट आलं, पुन्हा ठळक अक्षरांत, कारण त्याच्यावर न वाचल्याची खूण मीच परत लावून ठेवली होती. आकाराच्या रकान्यात अकरा के दिसतं. लॉगिनचं पान तिच्या पत्रापेक्षा जाड होतं. लॅपटॉप मिटायला गेलो तेवढ्यात थंडरबर्डनं विचारलं, पुसलेल्या पत्रांनी बरीच जागा अडवली आहे, फोल्डर कॉम्पॅक्ट करून मोकळी करू का. त्या फाइलीत काही नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी, एकेक 'आर' मोजून, बघितलेलं आहे.

नको, असं दाबलं.